घराचा ताप उतरवणारे तापकीर काका

तापकीर काकांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा आम्ही दोघंही आडवे होतो.

कासारवाडीत रेल्वेलाइनच्या बाजूला अण्णांचं जुनं घर आहे. खाली काळ्या दगडाच्या हातभर जाड भिंती, वर मागाहून बांधलेली विटांची एक खोली आणि तिच्यावर पत्रे. त्या पत्र्याखाली मी भाड्यानं राहतो. एप्रिलचा महिना होता. तिसरी पाळी करून सकाळी आलो, दोन घास खाल्ले आणि चटईवर पडलो. दुपारी घामानं जाग आली. कूस बदलली, तर शेजारी एक म्हातारा माणूस. अंगात बनियन, शर्टाची घडी उशाला, दोन्ही हात पोटावर, डोळे मिटलेले.

माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की हा माणूस गेलेला आहे आणि आता पोलीस मलाच विचारणार. दुसरं आलं, की अण्णांनी न सांगता खोलीत आणखी एक भाडेकरू घातला. खरं सांगतो, दुसऱ्याचीच भीती जास्त वाटली. मी उठून ओरडणार, तेवढ्यात म्हातारा डोळे न उघडता बोलला.

"गप पड धा मिन्टं. तुज्या डोक्याकडनं येतंय. पायाकडनं न्हाई."

"काय येतंय?"

"ऊन. बोलू नगं, मला ऐकू येत न्हाई."

आमच्या हिंगोलीकडं उन्हाची कमी नाही, पण ते कान देऊन ऐकणारा माणूस मी कधी पाहिला नव्हता. मी गप पडलो. तर खरंच, डोक्यावरचा पत्रा टक् करून वाजला. मग दुसरा. मग एकदम तीन-चार. तापल्यावर पत्रा फुगतो आणि वाजतो, हे मला माहीत होतं. पण कोणता पत्रा आधी वाजला, हे लक्षात ठेवायची गोष्ट आहे असं कधी वाटलं नव्हतं.

"दाराकडनं तिसरा आदी बोलला," म्हातारा उठून शर्ट घालत म्हणाला. "तितं जास्त हाय. मी तापकीर. झोप आता."

आणि जिना उतरून गेले. झोप कुठली यायला!

हे तापकीर काका मूळचे इथलेच, चिंचवड गावठाणातले. मोठाल्या इमारतींना गार हवा पुरवणाऱ्या पत्र्याच्या बोगद्यांचे नकाशे काढण्यात त्यांची नोकरीची सगळी वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक कार्ड छापून घेतलं: 'जुन्या घराचा ताप उतरवून मिळेल – तापकीर'. खाली फोन नंबर. लोकांना पहिल्यांदा वाटायचं हा कुणी वैदू असावा. दुसऱ्यांदा वाटायचं आडनावाची गंमत आहे. प्रत्यक्षात काका जुन्या घरांना उन्हाळ्यात गार आणि थंडीत ऊबदार कसं ठेवायचं याची आखणी करून देतात, आणि त्यासाठी त्यांची एकच अट असते.

"आदी मला झोपू द्या. मग बोलू."

प्रत्येक खोलीत ते भर दुपारी अर्धा-अर्धा तास फरशीवर झोपतात. घरातली माणसं त्यांना ओलांडून जातात. एका घरी पाहुणे आले होते, त्यांनी पाया पडून घेतलं. काका म्हणतात, "उभ्या मान्साला घराचा ताप कळत न्हाई. ताप आडव्या मान्साला कळतो." झोपून उठले की जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर घराचा नकाशा काढतात. लाल पेन्सिलीनं ऊन, निळ्या पेन्सिलीनं वारा. मशीन लागणार असेल तर सगळ्यात शेवटी, कोपऱ्यात, बारीक.

पिंपरीत एक म्हातारं जोडपं थंडीत कुडकुडायचं म्हणून हीटर घ्यायला निघालं होतं. काका त्यांच्या घरी झोपले, सगळ्या भिंतींना गाल लावून पाहिला, आणि नुसता त्यांचा पलंग एका भिंतीकडून उचलून दुसरीकडं लावून आले. त्या भिंतीपलीकडं बेकरीची भट्टी होती! म्हातारा-म्हातारी मजेत झोपायला लागली. तक्रार एकच, पहाटे खारीचा वास सुटला की दोघांनाही भूक लागते. काका म्हणाले, "ते माज्याकडं न्हाई येत. ते पोटाचं."

आता माझं सांगतो, म्हणजे मी इतका का घाबरलो होतो ते कळेल.

मी आठवीत शाळा सोडली. घरची माणसं गावाकडं, मी इथं. निघोजेजवळ एका कंपनीत ठेकेदारामार्फत प्रेसवर आहे. पत्रा आत ठेवायचा, हात बाहेर घ्यायचा, बटण दाबायचं. काम एवढंच, पण तिन्ही गोष्टी त्याच क्रमानं व्हाव्या लागतात. एप्रिल लागल्यापासून मला दिवसाची झोप मिळत नव्हती. पत्र्याखाली तासभर डोळा लागला तर लागला. आणि एकदा कामावर डुलकी आली. माझा क्रम चुकला. मशीन आपोआप थांबलं म्हणून बोटं राहिली. सुपरवायझर काही ओरडला नाही, हळूच म्हणाला, "पाटील, एकदा मी पाह्यलं नाही. दुसऱ्यांदा पाहीन. मग गेट." तेव्हापासून मी उठलो की आधी बोटं मोजतो. दहा भरतात. तरी पुन्हा मोजतो.

तर मला झोप हवी होती. दुसरं काही नको होतं. आणि अण्णांनी काकांना बोलावलं होतं ते माझ्यासाठी नव्हेच. खालच्या माजघरात संध्याकाळी फार उकडायला लागलं म्हणून अण्णांच्या मुलाला, सचिनला, तिथं एसी बसवायचा होता. काका म्हणाले, "दगडाचं घर आसं एकाएकी तापत न्हाई. कुटनं तरी येतंय." ते शोधत शोधत ते वर माझ्याशेजारी येऊन झोपले होते.

दुसऱ्या दिवशी काका उदबत्ती घेऊन आले. वारा कुठून शिरतो, कुठं अडतो, हे ते धुरावरून बघतात. उदबत्ती पेटवून या खोलीतून त्या खोलीत, कोनाड्याशी थांब, दाराच्या फटीशी थांब, तोंडानं काहीतरी पुटपुट. अण्णांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, हे पाहिलं. त्या आत गेल्या आणि डोक्यावर पदर घेऊन बाहेर आल्या. हातात नारळ.

"महाराज," त्या म्हणाल्या, "कुठल्या अंगानं हाय वो?"

काकांचं लक्ष धुरात. "पश्चिमेच्या."

काकूंचा चेहरा उतरला. पश्चिमेला त्यांच्या जावेचं घर. "मला वाटलंच व्हतं! कवापासनं?"

"वाटणीत मदली पडवी पाडली ना तुमी? तवापासनं. रोज चार वाजता येती, नवापतूर जात न्हाई. सगळं घर धरलंय तिनं."

"आन् उपाय?"

"मदी एक पडदा टाका."

"पडदा कवाच पडलाय वो, दोन वर्सं बोलत न्हाई आमी!"

संध्याकाळी पश्चिमेच्या भिंतीवर लिंबू-मिरच्या लटकल्या. जावेनं त्या पाहिल्या. मग जे व्हायचं ते झालं, त्यात रस्त्यावरची माणसं थांबली. दुसऱ्या दिवशी काकांना कळलं तेव्हा ते कपाळाला हात लावून बसले. "आवो वैनी, मी उन्हाच्या झळीचं बोलत व्हतो! लिंबू टांगू नका, तितं लिंब लावा. कडुलिंब! सावली पडंल." काकूंनी लिंबू काढलं नाही. त्यांच्या मते दोन्ही केलेलं बरं.

या गडबडीत माझ्यावर वेगळंच संकट आलं. सचिन फोनवर कुणाला तरी सांगत होता, मी जिन्यात ऐकलं. "दीड टनाचा बसवायचाय. बाहेरचं मशीन वरच्या भिंतीला, भाडेकरूच्या खिडकीखाली."

दीड टन!

आमच्या कंपनीत पत्र्याची गुंडाळी टनात येते. क्रेनशिवाय हलत नाही. ती उचलली की आम्हाला लांब उभं करतात. आणि माझी भिंत एका विटेची, गिलावा पडलेली. त्या भिंतीला माझं उसं. मी चटई दुसऱ्या कोपऱ्यात नेली. तिथून पुन्हा उचलून जिन्याच्या तोंडाशी टाकली. त्या दिवशी पत्रा वाजला नाही तरी मी दचकत होतो. शेवटी धीर करून खाली गेलो. अण्णा, सचिन, काका चहा पीत बसले होते.

"अण्णा," मी म्हणालो, "माझं काही नाही. पण भिंत घेणार नाही. दीड टन फार होतो. खाली तुम्ही पण असता."

सचिन हसायला लागला. काका हसले नाहीत. त्यांनी मला शेजारी बसवलं. "आरं, ते वजन न्हाई. पूर्वी गारवा बर्फानं मोजायचे. एक टन बर्फ दिवसभरात वितळताना घरातली जेवडी उष्णता खाईल, तेवडी खानारं मशीन म्हंजे एक टन."

मी विचार केला. "मग त्या दीड टन बर्फाचं पाणी कुठं जाणार?"

आता मात्र काका हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्या दिवसापासून माझं नाव 'दीड टन' पडलं. अजूनही फोन आला की, "काय दीड टन, झोपला का?"

पण हसून झाल्यावर ते एकदम सचिनकडं वळले. "ह्यो वजनाला भ्यालाय. भ्यायला पायजे दुसऱ्याच गोष्टीला. ते मशीन आतली उष्णता भायेर फेकनार. कुटं? ह्याच्या खिडकीत. तुमी खाली गार झोपनार आन् ह्यो वर भाजनार."

"काका, भाडेकरू आहे तो," सचिन म्हणाला. "दिवसा कोण झोपतं?"

"ह्यो झोपतो."

"मग त्याला दुसरी खोली बघता येईल की."

मी घाईनं म्हणालो, "चालेल चालेल, काका, माझ्यामुळं नको. मी बघतो कुठंतरी." माझी सवयच तशी. कुणी माझ्यासाठी भांडायला लागलं की मला त्याचीच जास्त भीती वाटते.

काकांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. अण्णांना म्हणाले, "अण्णा, मी काम सोडतो. फकस्त एक करा. उद्या दोन वाजता वर जाऊन झोपा. अर्धा तास. आन् मंग सांगा."

अण्णा रेल्वेतून निवृत्त झालेले, जुन्या वळणाचे. आव्हान म्हटल्यावर मागं हटणारे नव्हेत. दुसऱ्या दिवशी दोन वाजता धोतर सावरत वर आले. मी त्यांना माझी चटई दिली, स्वतः भिंतीला टेकून बसलो. भाडेकरूच्या अंथरुणावर घरमालक झोपलेला आणि भाडेकरू राखण करतोय, असं दृश्य. पत्रे वाजायला लागले. अण्णांनी एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर केलं. मग उठून बसले. बंडी पाठीला चिकटलेली.

"तू हितं रोज झोपतोस?"

"हो अण्णा. म्हणजे तसं बरं आहे. हवा असते कधी कधी."

"खोटं बोलू नगंस!" अण्णा म्हणाले आणि खाली जाऊन तांब्याभर पाणी प्यायले. मग जिन्यातूनच ओरडले, "तापकीर, काय करायचंय ते करा!"

काकांनी जे केलं ते फार नव्हतं. पत्र्यांना वरून चुना. पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्यांचं छत, आणि त्या मधल्या जागेची दोन्ही टोकं उघडी, म्हणजे तापलेली हवा तिथूनच निघून जाईल. जिन्यावर एक जुनी झडप कुणी तरी खिळे मारून बंद केली होती, ती उघडली. खालच्या दगडी खोलीतला गारवा त्या वाटेनं वर यायचा आणि माझ्या भिंतीतल्या पंख्यानं आतली हवा बाहेर फेकायची. खाली सचिनसाठी एसी, पण लहान, आणि त्याचं बाहेरचं मशीन उत्तरेला, मोरीच्या अंगाला, सावलीत. काम करताना काका सारखं म्हणायचे, "वारा पाव्हना आस्तो. त्याला यायला वाट ठिवली आन् जायला न्हाई ठिवली, तर तो येतच न्हाई. तुमी तरी याल का?"

पंखा मी बसवला. सुट्टीचा दिवस होता, काकांच्या गुडघ्यांना शिडी झेपत नव्हती. पंख्यावर एक बाण होता. तो आत ठेवायचा की बाहेर, हे विचारायला हवं होतं. पण विचारलं तर काका म्हणतील याला एवढंही कळत नाही. मी आपल्या मनानं विचार केला. वारा पाहुणा आहे. पाहुणा घरात येतो. मी बाण आत केला.

पंखा सुरू झाला. भर दुपारची बाहेरची झळ माझ्या खोलीत आली, तिथून झडपेतून जिन्यात आणि जिन्यातून थेट काकूंच्या स्वयंपाकघरात. परातीत काढून ठेवलेल्या कुरडयांवरचा कपडा उडून काकूंच्या तोंडावर बसला. काकू किंचाळल्या. "आली! चारच्या आदीच आली!"

अण्णा, सचिन, पश्चिमेची जाऊसुद्धा, सगळे वर माझ्या खोलीत आले. मी बाणाकडं पाहिलं आणि मला सगळं कळलं. कपडे घेऊन गावाकडची गाडी पकडावी असं वाटलं. पिशवी हातात घेतलीही होती. सचिन म्हणाला, "कुणी लावला हा?"

"मी," काका शिडीखालून म्हणाले. "बान मीच चुकीचा सांगितला. वय झालं आता. दीड टन, फिरव तो."

मी फिरवला. घाईत स्क्रू दोनदा पडला. मग पंखा पुन्हा लावला. थोडा वेळ काहीच झालं नाही. आणि मग झडपेतून, माझ्या पायांना, गार. फ्रिजसारखं गार नव्हे. जुन्या दगडाचं असतं तसं, देवळात पाऊल टाकल्यावर लागतं तसं. जाऊबाई म्हणाल्या, "बाई, हितं तर बरं वाटतंय." काकू त्यांच्याकडं बघून म्हणाल्या, "बस की मंग." दोन वर्षांनी.

दुसऱ्या दिवशी मी सकाळी झोपलो तो चारला उठलो. घाबरून उठलो, की काहीतरी चुकलं. काही चुकलं नव्हतं. मे महिना असाच झोपून काढला. सुपरवायझरनं महिनाअखेर हजेरीवर सही करताना वर न बघता एवढंच म्हटलं, "बरा दिसतोयस." माझ्यासाठी ते पुष्कळ झालं.

पुढच्या सुट्टीला मी गावाकडून आलेली हळद पुडीत बांधली आणि आभार मानायला चिंचवडला काकांच्या घरी गेलो. पहिल्यांदाच. दुपारचा एक वाजला असेल. बेलच्या बटणावर चिकटपट्टी लावलेली होती, म्हणून कडी वाजवणार, तेवढ्यात काकांनीच दार उघडलं. ओठांवर बोट. दार उघडताना आवाज अजिबात झाला नाही.

"हळू," ते कुजबुजले. "ये."

घर अंधारं आणि गार होतं. मी चपला हातात घेऊन आत गेलो. काकांनी चहा केला, साखर उकळतानाच घातली, कपात चमचा वाजू नये म्हणून. बादलीच्या कडीला चिंधी गुंडाळलेली. आतल्या खोलीच्या दाराला जाड पडदा. आम्ही कुजबुजतच बोललो. हळदीचं, अण्णांचं, कडुलिंबाला पालवी फुटल्याचं. मला सारखी धास्ती, आपला आवाज चढतोय का, आत कुणाची झोप मोडेल का. पाऊण तासानं मी निघायचं म्हणून विचारलं, "काकू आत झोपल्यात का?"

"न्हाई रं," काका तसेच कुजबुजले. "ती गेली. सा वर्सं झाली. दवाखान्यात नर्स व्हती. जास्त करून रातपाळीच. सकाळी येऊन झोपायची. म्या कंपनीत मोठ्या मोठ्या इमारती गार करायचो आन् घरी बायकोला दुपारी डोळा लागंना. मंग तिच्या खोलीत स्वोता झोपून बघितलं. तितनं लागलं हे येड." त्यांनी कप खाली ठेवला, बशीवर न वाजवता. "आता कोन न्हाई आत. मोठ्यानं बोललं तरी चालतंय. पन दुपारी जीभच वळत न्हाई बग."

मीही माझा कप तसाच, न वाजवता ठेवला. तेवढ्यात त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. "रातपाळी करून आलायस का रं? झोप झाली न्हाई वाटतं."

मी सुट्टीवर होतो. रात्रभर झोपून, अंघोळ करून, नाश्ता करून आलो होतो. डोळे टक्क उघडे होते. खोटं बोलायला मी फार घाबरतो, माझं लगेच पकडलं जातं.

"हो," मी म्हणालो.

काका उठले. पडदा सारला. आत पलंग होता, चादर ताणून घातलेली, एक सुरकुती नाही. मी आडवा झालो, डोळे मिटले. पडदा परत ओढल्याचं कळलं. मग त्यांची पावलं, टाचा न टेकवता टाकलेली.

थोड्या वेळानं गल्लीत भाजीवाला ओरडला. पुढचं दार हलकेच उघडलं.

"ए भावा, हळू," काकांचा आवाज आला. "आत मानूस झोपलंय."

"व्हय का? कोन आलंय, काका?"

"आलंय. रातपाळीचं हाय. दमलंय."

भाजीवाला गाडा ढकलत मुकाट पुढं गेला. काका बराच वेळ दारातच उभे राहिले असावेत. गल्लीतून कुणीही आलं की त्यांचं तेच वाक्य ऐकू येत होतं, दरवेळी थोडं आणखी ऐटीत. मी श्वास लांब लांब घेत पडून राहिलो. दोनदा नाकाला खाज सुटली. खाजवलं नाही.